सोलापूर जिल्ह्यातील नळाच्या पाण्याची गुणवत्ता

सोलापूर जिल्ह्यातील नळाच्या पाण्याची गुणवत्ता हा महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य व नागरी पाणीपुरवठा यांच्याशी संबंधित विषय आहे. नळातून येणारे पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे त्याचा मूळ स्रोत, शुद्धीकरण, जलवाहिन्यांची स्थिती, पुरवठ्यातील खंड आणि घरातील साठवण या पाच गोष्टींवर अवलंबून असते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो आणि येथे वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या वस्त्यांना भीमा व नीरा या नद्यांतून, म्हणजेच पश्चिमेकडील घाटमाथ्यावर पडलेल्या पावसातून, पाणी मिळते. हे पाणी जिल्ह्यात पोहोचण्यापूर्वी पुणे परिसरातील शहरे, कारखाने आणि बागायती शेतीचा प्रदेश ओलांडून येते. या वस्तुस्थितीमुळे जिल्ह्यात पाणी किती मिळते या प्रश्नाइतकाच ते कसे मिळते हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला आहे.

पाण्याचे स्रोत

उजनी जलाशय

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ ‘यशवंतसागर’ असे नाव देण्यात आले आहे. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) असून त्यापैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट साठा मृतसाठा म्हणून गणला जातो. सोलापूर शहर, बार्शी आणि शेजारच्या जिल्ह्यातील धाराशिव शहर यांच्या पाणीयोजना या जलाशयावर अवलंबून आहेत. पंढरपूर शहर धरणाखालील भीमा नदीच्या पात्रातून पाणी घेते.

पुणे शहरातून वाहणारी मुळा-मुठा तसेच पिंपरी-चिंचवड परिसरातून येणाऱ्या पवना व इंद्रायणी या नद्यांचे पाणी अखेरीस भीमेत आणि तेथून उजनीत येते. या शहरांचे सांडपाणी पूर्ण प्रक्रिया न होता नदीत मिसळल्यास त्यातील नत्र व स्फुरद जलाशयात साचतात. या पोषकद्रव्यांवर जलपर्णी आणि नीलहरित शैवाल वाढतात. उन्हाळ्यात पाण्यावर दिसणारा दाट हिरवा तवंग आणि पाण्याला येणारा उग्र वास ही या स्थितीची दृश्य लक्षणे होत. या प्रक्रियेस ‘सुपोषण’ असे म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून भीमेचा त्यांत समावेश होता.

उजनीची पातळी मृतसाठ्याच्या खाली जाते तेव्हा तिला लोकव्यवहारात ‘उणे पातळी’ असे म्हटले जाते. अशा काळात उपलब्ध पाणी कमी असते, परंतु त्यातील सेंद्रिय द्रव्य, गाळ व शैवाल यांचे प्रमाण तुलनेने वाढते. दुष्काळी वर्षात पाणीटंचाई आणि पाण्याची खालावलेली गुणवत्ता ही दोन्ही संकटे एकाच वेळी येतात, याचे हे कारण आहे.

नीरा खोरे आणि माळशिरस तालुका

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळशिरस तालुक्याची पाण्याची स्थिती उर्वरित जिल्ह्यापेक्षा काहीशी वेगळी आहे. नीरा नदी तालुक्याच्या उत्तर सीमेजवळून वाहते आणि नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. अकलूज हे तालुक्यातील मोठे गाव या नदीच्या काठी वसले आहे. भाटघर (१९२८) व वीर (१९६५) या धरणांच्या पाण्यावर चालणारा नीरा उजवा कालवा फलटण तालुक्यातून माळशिरस तालुक्यात येतो. कालव्याचे आवर्तन सुरू असताना काठच्या विहिरींना पाणी वाढते व आवर्तन लांबल्यास ते उतरते. त्यामुळे एकाच विहिरीच्या पाण्याची चव व क्षारता वर्षभर सारखी राहत नाही.

कालव्याने तालुक्याच्या उत्तर भागात उसाची बागायत उभी केली, तर पिलीवसारखा दक्षिण भाग दीर्घकाळ अवर्षणप्रवण राहिला. बागायती पट्ट्यात पाणी मुबलक असले तरी रासायनिक खतांतील नायट्रेट आणि जमिनीतील क्षार झिरपून भूजलात उतरण्याचा धोका असतो. अवर्षणग्रस्त पट्ट्यात खोल कूपनलिकांवर भिस्त असल्याने पाणी जड किंवा मचूळ लागण्याच्या तक्रारी अधिक आढळतात. दोन्ही पट्ट्यांतील मूळ खडक बेसाल्ट असून त्यातील भूजल भेगा व सच्छिद्र थरांत साठते. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन कूपनलिकांचे पाणीही गुणधर्माने भिन्न असू शकते. एका स्रोताचा तपासणी अहवाल शेजारच्या स्रोतास लागू होत नाही.

सोलापूर शहर

सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेनऊ लाख होती. शहरास मुख्यतः तीन स्रोतांतून पाणी मिळते. पहिला स्रोत शहराच्या ईशान्येस असलेला एकरूख (हिप्परगा) तलाव असून तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. दुसरा स्रोत टाकळी येथील भीमा नदीवरील उपसा होय. त्यासाठी औज व चिंचपूर येथील बंधाऱ्यांत पाणी अडवले जाते. तिसरा स्रोत उजनी जलाशयातून थेट जलवाहिनीने आणलेले पाणी होय. या पाण्यावर अनुक्रमे भवानी पेठ, सोरेगाव आणि पाकणी येथील केंद्रांत शुद्धीकरण केले जाते.

औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडावे लागते. त्यातील मोठा भाग पात्रात मुरतो, बाष्पीभवनाने उडतो किंवा वाटेत उपसला जातो. शिवाय उघड्या पात्रातून शंभरहून अधिक किलोमीटर प्रवास करताना त्यात वाटेतील सांडपाणी मिसळण्याची शक्यता असते. ही दोन्ही कारणे लक्षात घेऊन उजनी ते सोलापूर अशी सुमारे ११० किलोमीटर लांबीची आणि प्रतिदिन १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हाती घेण्यात आली. बंद नळातून आलेले पाणी वाटेत दूषित होत नाही, हा अशा योजनेचा गुणवत्तेच्या दृष्टीने मुख्य लाभ आहे. मात्र जलाशयातच असलेले प्रदूषण जलवाहिनीमुळे दूर होत नाही.

शुद्धीकरणाचे टप्पे

नदी किंवा जलाशयातील कच्चे पाणी पुढील क्रमाने शुद्ध केले जाते.

१. वायुमिश्रण : पाणी पायऱ्यांवरून पातळ थरात वाहू दिले जाते. त्यामुळे त्यात प्राणवायू मिसळतो, दुर्गंधी कमी होते आणि विरघळलेले लोह वेगळे होण्यास मदत होते.

२. तुरटी मिसळणे : गढूळ पाण्यातील सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटतात व म्हणून ते आपोआप खाली बसत नाहीत. तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळल्यावर हे कण एकत्र येऊन त्यांचे गुच्छ बनतात.

३. निवळण : हे गुच्छ मोठ्या टाक्यांत तळाशी बसू दिले जातात.

४. गाळण : निवळलेले पाणी वाळू व खडीच्या थरांतून जाते. गाळणी ठरावीक काळाने उलट प्रवाहाने धुवावी लागते. धुण्यात हयगय झाल्यास गाळणीच दूषितीकरणाचे कारण बनू शकते.

५. निर्जंतुकीकरण : अखेरीस क्लोरीन मिसळून रोगजंतूंचा नाश केला जातो.

पहिल्या चार टप्प्यांत पाणी स्वच्छ दिसू लागते. ते सुरक्षित होण्यासाठी पाचवा टप्पा अनिवार्य असतो. दिसण्यास नितळ असलेल्या पाण्यातही जंतू असू शकतात. याउलट गढूळ पाण्यात कितीही क्लोरीन मिसळला तरी मातीच्या कणांआड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून गाळण आणि निर्जंतुकीकरण ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

शैवालयुक्त पाण्यात निर्जंतुकीकरणाची अडचण अधिक असते. क्लोरीनचा बराच भाग सेंद्रिय द्रव्याशी होणाऱ्या अभिक्रियेत खर्च होतो आणि त्यातून ट्रायहॅलोमिथेन वर्गातील अनिष्ट संयुगे तयार होतात. काही नीलहरित शैवाले विषारी द्रव्ये निर्माण करतात. ‘मायक्रोसिस्टिन-एलआर’ या विषाची पिण्याच्या पाण्यातील दीर्घकालीन मार्गदर्शक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. ही विषे उकळण्याने नष्ट होत नाहीत. अशा पाण्यासाठी सक्रिय कार्बनसारखी अतिरिक्त प्रक्रिया आणि मुळात जलाशयात येणारे सांडपाणी रोखणे हे उपाय आवश्यक असतात.

गुणवत्तेचे निकष

भारतात पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १०५०० : २०१२’ हे मानक वापरले जाते. त्यात बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत. पहिली स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरी अन्य स्रोत उपलब्ध नसताना चालू शकणारी कमाल मर्यादा आहे. प्रमुख निकष पुढीलप्रमाणे आहेत.

• सामू : ६.५ ते ८.५
• गढूळपणा : १ एनटीयू, कमाल ५ एनटीयू
• एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) : प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम, कमाल २,००० मिलिग्रॅम
• एकूण कठीणपणा : प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम, कमाल ६०० मिलिग्रॅम
• क्लोराइड : प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम, कमाल १,००० मिलिग्रॅम
• फ्लोराइड : प्रतिलिटर १ मिलिग्रॅम, कमाल १.५ मिलिग्रॅम
• नायट्रेट : प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम, यात सवलत नाही
• शिल्लक मुक्त क्लोरीन : प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम
• ई-कोलाय जंतू : १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये

ई-कोलाय हे माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत आढळणारे जंतू आहेत. त्यांपैकी बहुतेक स्वतः निरुपद्रवी असले तरी पाण्यात त्यांचे अस्तित्व हा त्या पाण्यात विष्ठा मिसळल्याचा पुरावा मानला जातो. पटकी, विषमज्वर वा कावीळ यांचे जंतू व विषाणू प्रत्येक वेळी शोधणे कठीण असल्याने या सूचक जंतूंची चाचणी जगभर प्रमाणभूत मानली जाते.

वितरण व्यवस्थेतील धोके

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी मानकानुसार असले, तरी ग्राहकाच्या तोटीपर्यंत ते तसेच राहील असे नाही. सोलापूर शहरात अनेक वर्षे पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडण्यात येत आहे. जिल्ह्यातील अनेक लहान शहरांत व गावांतही रोज पाणी येत नाही. अशा पुरवठ्यास ‘खंडित पुरवठा’ म्हणतात व गुणवत्तेच्या दृष्टीने तो विशेष जोखमीचा मानला जातो.

जलवाहिनी पाण्याने भरलेली व दाबाखाली असते तेव्हा तिला कोठे चीर असल्यास पाणी बाहेर गळते. पुरवठा बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होते, आतील दाब कमी होतो आणि त्याच चिरेतून आजूबाजूचे पाणी आत शिरते. वाहिनी गटाराशेजारून किंवा गटारातून गेली असल्यास आत शिरणारे पाणी सांडपाणीच असते. पुढील वेळी पाणी सुटताच ते सर्वप्रथम घराघरांत पोहोचते. नळाला येणारे सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये, या सूचनेमागे हे कारण आहे.

ग्राहकांनी नळाला थेट विद्युतपंप लावल्यास हा धोका वाढतो. पंपामुळे वाहिनीत शोषण निर्माण होते, गळतीच्या जागेतून घाण आत ओढली जाते आणि शेवटच्या टोकाच्या घरांचा दाब आणखी घटतो. उंचावरील व टोकाच्या वस्त्यांना पाणी उशिरा, कमी व अधिक जोखमीचे मिळते. या वस्त्या बहुधा अल्प उत्पन्न गटातील असतात. एकाच शहरातील पाण्याची गुणवत्ता पेठेनुसार आणि वस्तीनुसार बदलते ती यामुळेच. तोटी नसलेले नळ, जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात घेतलेल्या जोडण्या आणि वेळेवर न धुतलेल्या उंच टाक्या ही दूषितीकरणाची अन्य नेहमीची कारणे होत.

अनेक दिवसांचे पाणी घरात साठवावे लागल्याने आणखी दोन प्रश्न उद्भवतात. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू उडून जातो व हात किंवा भांडे बुडवल्यास पाणी पुन्हा दूषित होते. उघड्या पिंपांत व हौदांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदासही होते. म्हणून आरोग्य विभागाकडून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा आग्रह धरला जातो.

ग्रामीण भागातील निर्जंतुकीकरण

गावांतील नळयोजनांत क्लोरीन वायूऐवजी बहुधा विरंजक चूर्ण वापरले जाते. ग्रामपंचायत व्यवहारात ते ‘टीसीएल पावडर’ या नावाने ओळखले जाते. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि एक हजार लिटर पाण्यास ५ ग्रॅम चूर्ण असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्यानुसार ५० हजार लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम चूर्ण लागते. ते थेट टाकीत न टाकता बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी ओतायची असते. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडू नये, असा नियम आहे.

हे चूर्ण हवा, ओल व उन्हाने निकामी होत जाते. उघड्या पोत्यात राहिलेल्या चूर्णातील क्लोरीन १५ टक्क्यांवर आल्यास त्याच २५० ग्रॅममधून पाण्यास प्रतिलिटर सुमारे १.६५ मिलिग्रॅमऐवजी अवघा ०.७५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य त्यातील बराचसा भाग संपवते व गावाच्या शेवटच्या नळाला काहीच शिल्लक राहत नाही. नोंदवहीत चूर्ण टाकल्याची नोंद असूनही साथ पसरू शकते, ती अशी. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेले चूर्ण अप्रमाणित समजले जाते.

शिल्लक क्लोरीन तपासण्यासाठी ‘ओटी चाचणी’ केली जाते. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाल्यास क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. रंगाच्या छटेवरून त्याचे प्रमाण ठरवतात. तपासलेले पाणी विषारी असल्याने ते फेकून द्यावे लागते. ही चाचणी टाकीजवळ न करता गावातील शेवटच्या नळावर करणे अधिक अर्थपूर्ण असते. प्रत्येक ग्रामपंचायतीत या कामासाठी ‘जलसुरक्षक’ नेमलेला असतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर केले जाते. त्यात जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल (तीव्र जोखीम), पिवळे (मध्यम जोखीम) व हिरवे (सौम्य जोखीम) कार्ड दिले जाते. स्रोताभोवतीची घाण, गळती, नादुरुस्त झडपा व अनियमित निर्जंतुकीकरण यांवरून हे वर्गीकरण ठरते. रासायनिक व जैविक तपासणीची कामे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तसेच सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळांत होतात.

पालखी सोहळा आणि पाणी

आषाढी वारीच्या काळात जिल्ह्याच्या पाणीव्यवस्थेवर वर्षातील सर्वाधिक ताण येतो. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यातील धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. तिचे मुक्काम नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी येथे असतात. संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते व बोरगाव, पिराची कुरोलीमार्गे वाखरीस पोहोचते. काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीपुरती लाखो माणसे उतरतात. तेथील नेहमीची योजना या संख्येसाठी बांधलेली नसते.

एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांत पटकीच्या साथी वारंवार उद्भवत व परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगावी पसरत. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमधील एका सार्वजनिक पंपाच्या अभ्यासातून दाखवले होते. तिच्या जंतूवरील रॉबर्ट कॉख यांचे निर्णायक संशोधन १८८४ मध्ये कोलकाता येथे झाले. आज वारीमार्गावरील विहिरी, कूपनलिका व टँकर भरण्याची ठिकाणे आगाऊ तपासली जातात. टँकरमधील पाण्यात क्लोरीन मिसळून त्याची ओटी चाचणी केली जाते आणि मार्गावरील अयोग्य स्रोतांवर तसे फलक लावले जातात. पावसाळ्याची सुरुवात, उघड्यावरील शौच आणि तात्पुरती साठवण या तीन बाबी एकत्र येत असल्याने फिरत्या शौचालयांची सोय हा देखील पाण्याच्या सुरक्षिततेचाच भाग मानला जातो.

आरोग्यावरील परिणाम

दूषित पाण्यामुळे अतिसार, गॅस्ट्रो, पटकी, आमांश, विषमज्वर तसेच हिपॅटायटिस ‘ए’ व ‘ई’ प्रकारची कावीळ होते. लहान मुलांना शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका सर्वाधिक असतो, तर हिपॅटायटिस ‘ई’ गरोदर स्त्रियांना प्राणघातक ठरू शकतो. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी (ओआरएस) देणे हा प्राण वाचवणारा प्राथमिक उपचार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड व किरकटवाडी परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाणी व अन्नातून पसरणारा जंतू आढळला. त्यामुळे त्या भागातील विहीर व खासगी पाणीपुरवठा तपासण्यात आला. या साथीतील पहिला संशयित मृत्यू सोलापूर येथे नोंदवला गेला. पुणे परिसरात शिक्षण व नोकरीसाठी राहणाऱ्या सोलापूरकरांची संख्या मोठी असल्याने या घटनेचा जिल्ह्यात विशेष परिणाम जाणवला.

रासायनिक दोषांचे परिणाम सावकाश दिसतात. नायट्रेट अधिक असलेल्या पाण्यामुळे बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. फ्लोराइड अधिक असल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि दीर्घकाळात हाडे व सांधे आखडतात. कठीण पाण्याने साबणाचा फेस कमी होतो व भांड्यांत पांढरे कीट जमते. तेवढ्यावरून ते पाणी आरोग्यास घातक ठरत नाही.

घरगुती शुद्धीकरण

पाणी उकळणे हा जंतूंवरील खात्रीचा उपाय आहे. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. पाणी गढूळ असल्यास ते आधी निवळून किंवा स्वच्छ दुपदरी कापडाने गाळून घ्यावे. उकळण्याने नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार कमी होत नाहीत. पाणी आटल्याने उलट त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

तुरटी फिरवल्याने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही. निवळल्यावर त्यात मेडिक्लोरसारख्या क्लोरीन द्रावणाचे थेंब वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे लागते. मेणबत्तीच्या आकाराची गाळणी असलेली साधी फिल्टरे गाळ अडवतात, विषाणू अडवतीलच असे नाही. अतिनील किरणांची यंत्रे नितळ पाण्यातील जंतू मारतात, क्षारांवर त्यांचा परिणाम होत नाही. आरओ यंत्रे क्षार, नायट्रेट व फ्लोराइड कमी करतात, मात्र त्यात बरेच पाणी वाया जाते. ज्या पाण्यातील विद्राव्य क्षार प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. टीडीएस मोजण्याच्या लहान उपकरणावर कमी आकडा दिसल्यास पाणी शुद्ध आहे, हा समज चुकीचा आहे. ते उपकरण फक्त विरघळलेले क्षार दाखवते, जंतू दाखवत नाही.

सीलबंद बाटलीतील पाण्यासाठी ‘आयएस १४५४३’ हे वेगळे मानक आहे. थंड पाण्याचे सुटे जार मात्र बहुधा या चौकटीबाहेर विकले जातात. पाणी थंड व गोड लागणे ही त्याच्या शुद्धतेची खूण नव्हे.

साठवणीसाठी झाकण व तोटी असलेले भांडे, ओगराळे किंवा लांब दांड्याचा डोया यांचा वापर आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीपासून उंच मांडणी हे जुने घरगुती नियम आजही शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरतात.

कायदेशीर तरतुदी व जबाबदारी

शहरांत महानगरपालिका, नगरपरिषद वा नगरपंचायत आणि गावात ग्रामपंचायत यांच्यावर सुरक्षित पाणी पुरवण्याची जबाबदारी असते. योजनांची आखणी व बांधणी करण्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषद यांचा सहभाग असतो. नद्यांच्या प्रदूषणावर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारवाई करते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाशी संबंधित आहे. प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकारात अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या प्रकरणात म्हटले आहे.

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित केलेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण कुटुंबास नळाद्वारे दरडोई प्रतिदिन ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. या योजनेत गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाते. तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवण्याची मागणी कोणताही ग्रामस्थ करू शकतो.

उजनीच्या बाबतीत जबाबदारीचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. पाणी पिणारे सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि सांडपाणी सोडणाऱ्या संस्था पुणे जिल्ह्यात असल्याने कोणतीही एक स्थानिक संस्था हा प्रश्न पूर्णपणे सोडवू शकत नाही. पुण्यातील मुळा-मुठा नदीच्या प्रदूषण नियंत्रणासाठी जपानच्या अर्थसाहाय्यातून सांडपाणी प्रक्रिया केंद्रे बांधण्याचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याची प्रगती ही पुण्याइतकीच उजनीवर अवलंबून असलेल्या गावांच्या व शहरांच्या आरोग्याशी निगडित आहे.

हे सुद्धा पहा

• उजनी धरण
• भीमा नदी
• नीरा नदी
• माळशिरस तालुका
• जल जीवन मिशन
• पटकी